डावखुरा देवदूत

ही गोष्ट सांगायची मी कित्येक वर्षं टाळत आलो. कुणी विषय काढला की मी चहाचं बघायला उठायचो, नाहीतर फोन आल्यासारखं करून गॅलरीत जायचो. बायको होती तोवर तिलाही सांगितली नाही, आणि तिला सांगितली नाही म्हणजे कुणालाच नाही. मागच्या महिन्यात माझा मित्र पुण्यात वारला. आमच्या इथल्या मंडळाच्या ग्रुपवर बातमी आली, खाली जोडलेल्या हातांची रांग लागली, आणि त्यात एकाने लिहिलं, ‘बाकी काही असो, माणूस अभ्यासू होता.’

हे ‘बाकी काही’ म्हणजे काय ते सिंगापुरातल्या आमच्या वयाच्या बहुतेक मराठी लोकांना माहीत आहे. नव्याने आलेल्यांना कुणीतरी सांगतंच. त्याने म्हणे आपलं म्हणणं खरं ठरवायला एक जुनं चित्र उलटं करून भर सभेत पुरावा म्हणून दाखवलं आणि पकडला गेला. तसं झालेलं नाही. चित्र मी फिरवलं होतं. त्याला ते माहीत नव्हतं आणि मला होतं. एवढं आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे मला मागे फिरता येणार नाही.

आम्ही दोघं मागेपुढे एम्प्लॉयमेंट पासवर इथे आलो. मी पुण्याचा, तो सांगलीचा. ऑफिसं वेगळी, पण दोन्ही वन-नॉर्थ भागात, आणि दुपारचं जेवण एकाच हॉकर सेंटरमध्ये. तो माणूस भात डाव्या हाताने खायचा, उघडपणे, कुणी बघतंय का याची पर्वा न करता. लहानपणी शाळेत त्याच्या डाव्या हातावर पट्ट्या बसल्या, घरी आत्या-काकूंनी प्रसादाच्या वेळी तो हात मागे ओढला, आणि शेवटी लिहिणं उजव्या हाताने होऊ लागलं. बाकी सगळं डावंच राहिलं. “अर्धाच बाटलोय मी,” असं तो हसत म्हणायचा.

निवृत्तीनंतर त्याने ट्रॉम्बोन शिकायला घेतला. सांगलीत लग्नाच्या बँडमध्ये नळी पुढे-मागे सरकवणारा माणूस असायचा, पोरं त्याच्या पुढे उलटी चालत जायची, त्यांत हा असायचा. साठीनंतर ती हौस फिटली. चोआ चू कांगला त्याच्या घराजवळच्या कम्युनिटी क्लबात हौशी लोकांचा एक बँड होता, त्यात तो जाऊ लागला. ट्रॉम्बोन डाव्या हाताने पुढे धरतात आणि उजव्या हाताने नळी सरकवतात. साधा ट्रॉम्बोन उलटा जोडताही येतो, मग हातांची अदलाबदल होते आणि कर्णा खांद्याच्या दुसऱ्या बाजूला येतो. याने तसाच जोडला. पहिल्याच तालमीत त्याचा कर्णा शेजारच्या निवृत्त शिक्षिकेच्या स्वरलिपीच्या स्टँडवर आदळला आणि तिचे कागद जमिनीवर गेले.

बँडचा चिनी संचालक त्याच्याच वयाचा होता. तो म्हणाला, “अंकल, कॅनॉट लाह. वन रो, वन साइड.”

ह्याने काही महिने उजव्या हाताने प्रयत्न केला. मला म्हणायचा, “अरे, उजव्याने वाजवलं की वाटतं दुसऱ्याच कुणाचं तरी तोंड लावलंय.” आणि मग एका रविवारी त्याने विचारलं, “जगात कुणी डावखुरा ट्रॉम्बोनवाला झालाच नसेल का? पाचशे-सहाशे वर्षांत एकही नाही?”

फोटो तेव्हा नव्हते, म्हणून आम्ही चित्रांकडे वळलो. त्याचं कुतूहल आणि माझी चिकाटी, असा तो उद्योग होता. मी मरीन परेडहून बस आणि एमआरटी करून बेटाच्या दुसऱ्या टोकाला त्याच्याकडे जायचो. वहिनी पोहे करायच्या. मी आठवडाभर वस्तुसंग्रहालयांच्या साइटवरून चित्रं गोळा केलेली असायची, हवा तेवढा भाग कापून, अंधारलेला असेल तर उजळून, एकेक स्लाइड करून आणायचो, आणि आम्ही त्याच्या मोठ्या टीव्हीवर ती लावून बसायचो.

आयुष्यातले ते रविवार फार चांगले गेले. युरोपातल्या त्या जुन्या चित्रांत ट्रॉम्बोन कुठेही सापडायचा. देवमाता स्वर्गात निघाली आहे आणि ढगाच्या कडेला पाय सोडून देवदूत तो वाजवताहेत. नगरपालिकेचे वाजंत्री एका रंगाचे कपडे घालून मिरवणुकीत चाललेत आणि त्यांत एकाच्या खांद्यामागून फक्त नळीचं टोक दिसतंय, तेवढ्यावरून ओळखायचं. कुठे सांगाडेच मेजवानीला आलेत आणि एक सांगाडा फुप्फुसं नसताना फुंकतोय. जुन्या वाद्याचा कर्णा आताच्यासारखा पसरट नसे, तेल ओतायच्या नरसाळ्याएवढाच असे. आणखी जुनी चित्रं बघितली की वाद्याला दुहेरी सरकती नळीच नसायची, एकच दांडी असायची आणि अख्खं वाद्य तिच्यावर पुढे-मागे करावं लागायचं. हे कळायची खूण म्हणजे वाजवणाऱ्याचा एक हात अगदी ओठांशी असतो, तोंडाजवळचा भाग दाबून धरलेला, नाहीतर वाद्याबरोबर दातही हलायचे. ही खूण मला सापडली होती. लागोपाठ तीन-चार चित्रांत तो ओठांशी गेलेला हात बघून मी म्हटलं, “अरे, हा खोकला दाबत नाहीये, हा वाद्य सांभाळतोय!” तो खुर्चीतून उठला आणि त्याने माझी पाठ इतक्या जोरात थोपटली की माझा चहा सांडला.

काही चित्रकार थापा मारायचे, तेही आम्ही पकडायचो. एकाने नळी थेट कर्ण्यातच घुसवली होती. “याने बघून काढलेलं नाही, ऐकून काढलंय,” तो म्हणाला. गाल फुगवलेल्या एका गुबगुबीत देवदूताला तो टीव्हीजवळ जाऊन म्हणाला, “गाल आत, महाराज. नाहीतर आमचा चिनी मास्तर येईल.”

डावखुरे वादक छापील चित्रांत बरेच सापडले. पहिल्यांदा आम्ही नाचलोच. पण तो पुस्तकं वाचणारा होता. पुढच्या रविवारी त्याने शांतपणे सांगितलं की ही सगळी बाद. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं चित्र कागदावर छापताना आरशातल्यासारखं उलटं होतं. कोरणाऱ्याने उजवाच काढलेला असतो, छापून डावा येतो. त्यामुळे छापील काहीही पुराव्यात धरायचं नाही, फक्त रंगवलेलं धरायचं. रंग उलटत नाही. आणि प्रत्येक स्लाइडखाली चित्र कुठल्या संग्रहालयातलं आहे ते लिहायचंच, म्हणजे कुणालाही पडताळता येईल. हे नियम त्याचे होते. ज्याच्यावर लोकांनी खोटेपणाचा शिक्का मारला त्याचे.

आता माझी सवय सांगतो. नोकरीत मी वर्षानुवर्षं साहेब लोकांसाठी प्रेझेंटेशनं केली. त्यात एक गोष्ट अंगवळणी पडते. स्लाइडवर माणसाचं चित्र असेल तर त्याचं तोंड मजकुराकडे हवं. बाहेर बघत असेल तर तो पान सोडून चाललाय असं वाटतं. मग काय करायचं, चित्र आरशातल्यासारखं डावं-उजवं फिरवायचं, एक बटण दाबलं की झालं. कॅटलॉगमधल्या हसऱ्या बायका, हेल्मेट घातलेले कामगार, सगळे मी आयुष्यभर फिरवत आलो. घरच्या फोटोंच्या अल्बममध्येही फिरवले. मुलगी एकदा म्हणाली होती, “बाबा, माझा तीळ दुसऱ्या गालावर गेलाय, अय्यो!” हात आपोआप ते करायचा, डोक्यापर्यंत पोचायचंच नाही.

आणि एक दिवस टीव्हीवर तो देवदूत आला. हिरवा झगा, उघडे पाय, चित्राच्या कडेला एकटाच, उजव्या हाताने वाद्य धरलेला आणि डाव्या हाताने नळी लांब सोडलेला. मित्र उठून टीव्हीच्या अगदी जवळ गेला. मग म्हणाला, “हे छापील नाही ना?”

“नाही. लाकडावर रंगवलेलं आहे.”

“नक्की?”

“अरे, नक्की.”

ते खरंच होतं. मी फिरवल्याचं मला त्या क्षणी खरोखर आठवत नव्हतं. त्याने वहिनींना स्वयंपाकघरातून बोलावलं. त्या पदराला हात पुसत आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, “अगंबाई, हा तर तुमच्यासारखाच!” वाद्याबद्दल त्यांना काही ठाऊक नव्हतं, पण तेवढं त्यांना लगेच कळलं.

त्याच्या घराजवळच्या वाचनालयात शनिवारी लोकांची व्याख्यानं होत. त्याने आपला विषय कळवला आणि तो मान्य झाला. बँडमधल्या सगळ्यांना, संचालकाला आणि आमच्या मंडळातल्या बऱ्याच जणांना त्याने बोलावलं. त्याला उलट्या ट्रॉम्बोनसकट परत त्या रांगेत बसायचं होतं. “एकदा मास्तरला दाखवतो,” म्हणायचा. “देवाघरी चालतं तर चोआ चू कांगला का नाही?”

त्याच आठवड्यात आम्ही हॉकर सेंटरमध्ये बसलो असताना त्याला वाचनालयातल्या बाईंचा फोन आला. बोलणारे दोघं आहेत का, असं त्या विचारत असाव्यात. माझ्यासमोर, माझ्याकडे बघत, तो म्हणाला, “नो, नो, ओन्ली मी. माय फ्रेंड जस्ट हेल्प्स विद द पिक्चर्स.” फोन ठेवून त्याने विचारलं, “तुला अजून एक कॉफी सांगू?”

मी हो म्हटलं. कॉफी प्यायलो. आतून मला कुणी तरी कानफटात मारल्यासारखं झालं होतं. दीड-दोन वर्षांचे रविवार गेले ते काय चित्रं चिकटवण्यात? मी घरी आलो, बायकोला म्हटलं डोकं दुखतंय. इतक्या वर्षांचा मित्र असा एका वाक्यात आपल्याला हेल्पर करून टाकतो, हे मला झेपलं नाही. आज वाटतं, तो सहज बोलला असेल. पण तेव्हा तसं वाटलं नाही, आणि लिहायला बसलोच आहे तर तेव्हा जे वाटलं तेच लिहितो. मला वाटलं, याने मला विकलं.

दोन दिवसांनी पोस्टरसाठी देवदूताचं मोठं चित्र हवं म्हणून मी मूळ साइट उघडली. देवदूत दुसरीकडे तोंड करून उभा होता. उजवा हात नळीवर.

मी लगेच फोन उचलला होता, हे मी शपथेवर सांगतो. मग ‘जस्ट हेल्प्स’ आठवलं. मी फोन ठेवला. उद्या सांगू म्हटलं. उद्या म्हटलं परवा सांगू. शेवटी असं ठरवलं की त्याला न सांगता ती स्लाइड सभेत वगळून टाकायची, कळ दाबताना उडी मारायची आणि नंतर तांत्रिक बिघाड म्हणायचं. पोस्टरसाठी दुसरंच चित्र दिलं.

शनिवारी हॉल भरलेला होता. लॅपटॉप माझ्याकडे होता. तो सुंदर बोलला. इंग्रजीत बोलताना तो एरवी अडखळायचा, त्या दिवशी नाही अडखळला. लोक हसत होते, सांगाड्यावर तर संचालकही हसला. मग जुन्या, एका दांडीच्या वाद्याची चित्रं आली. तो ओठांवर हात ठेवून म्हणाला, “हियर आय नोटिस्ड समथिंग.” आय. ‘वी’ नाही. मी वर बघितलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. “आय सॉ धिस हँड अँड आय अंडरस्टुड.”

पुढची स्लाइड देवदूताची होती. उडी मारायची तर दोनदा कळ दाबायची होती. मी एकदाच दाबली.

हिरवा देवदूत पडद्यावर आला आणि माझ्या मित्राने दोन्ही हात पसरले. छापील चित्रं का धरायची नाहीत ते त्याने नीट समजावलं. हे रंगवलेलं आहे, म्हणाला. पेंट डज नॉट लाय. टाळ्या पडल्या. बँडमधली ती निवृत्त शिक्षिका सगळ्यांत जास्त वाजवत होती.

तिसऱ्या रांगेत मंडळातली एक मुलगी होती, इथल्या विद्यापीठात पोस्टडॉक करणारी. हुशार, सरळ. स्लाइडखालचं संग्रहालयाचं नाव वाचून तिने फोनवर चित्र शोधलं होतं. हात वर करून ती आधी इंग्रजीत काहीतरी बोलली, मग तिलाच अवघडल्यासारखं झालं आणि ती मराठीत म्हणाली, “काका, सॉरी हं. पण ओरिजिनलमध्ये तो उजव्या हाताने वाजवतोय. इथे उलटं झालंय बहुतेक.”

फोन या हातातून त्या हातात गेला. पुढे संचालकापर्यंत पोचला. त्याने चष्मा वर करून बघितलं आणि अगदी मायेने म्हणाला, “नेव्हर माइंड लाह, अंकल. गुड टॉक.” मित्राने पडद्याकडे बघितलं, फोनकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे. मी लॅपटॉपची वायर गुंडाळत होतो.

बाहेर जिन्याखाली त्याने मला गाठलं. आवाजात राग नव्हता. “तू फिरवलं होतंस का रे?”

“मी कशाला फिरवू?” मी म्हणालो.

“नाही, तसं नाही... मीही फाइल उघडली होती दोनदा. अक्षरं मोठी केली.” तो विचार करत राहिला. “मग माझ्याच हातून झालं असणार. पण आठवत कसं नाही?”

“होतं असं,” मी म्हणालो. ‘आय नोटिस्ड’ अजून माझ्या कानात होतं. दोघांचा हिशेब फिटला असंही मला क्षणभर वाटलं, याची आज लाज वाटते.

कोजागरीला मंडळाची माणसं एका कॉंडोच्या गच्चीवर जमली. तो आला नव्हता. दुधाचे पेले फिरत असताना एक जण म्हणाला, “डावखुऱ्यांनी इतिहासच फिरवला की राव!” सगळे हसले. दुसरा म्हणाला, “चुकून कसं होईल? बरोब्बर पाहिजे तेच चित्र चुकून फिरतं का?” कुणीतरी मला विचारलं, “तुम्ही तर बरोबर होतात, काय प्रकार होता?” मी म्हणालो, “मला खरंच कल्पना नाही.” आणि पेला पुढे केला, अजून थोडं दूध घ्यायला.

त्याने बँड सोडला. आमचे रविवारही बंद झाले, कोणी ठरवून केले नाहीत. मधूनमधून फोन व्हायचे. एका फोनवर त्याने सांगितलं की तो स्मरणशक्तीची तपासणी करून आला. डॉक्टरने घड्याळ काढायला लावलं, शब्द पाठ करून घेतले. “सगळं नॉर्मल म्हणाला. पण त्यांना काय कळतं रे? एवढी मोठी गोष्ट मी माझ्या हाताने केली आणि मला पत्ताच नाही. उद्या गॅस चालू ठेवीन.” पुढे पुढे त्याने गाडी चालवणं सोडलं, मग बँकेची कामं वहिनींवर टाकली. लोक काय म्हणतात ते त्याने मनाला फार लावून घेतलं नसावं. स्वतःवरचा विश्वास मात्र गेला. तो मी घालवला होता, आणि परत देणं फक्त मलाच शक्य होतं.

दोघांनी पुण्याला परत जायचं ठरवलं. सामान बांधायला मी गेलो. मनाशी ठरवून गेलो होतो की आज सांगायचं. हॉलभर खोकी होती. प्रत्येकावर त्याने आतलं सामान लिहून ठेवलं होतं, आणि तरीही वहिनी एकेक उघडून पुन्हा बघत होत्या, कारण त्यानेच तसं सांगितलं होतं. “मी लिहिलंय, पण माझा भरवसा धरू नकोस,” तो मला म्हणाला. “तूही एकदा बघ.” मी बघितलं. कुकरच्या खोक्यात कुकर होता, पुस्तकांच्या खोक्यात पुस्तकं. एकही चूक नव्हती.

तो आत गेला तशा वहिनी माझ्याजवळ आल्या. “भावोजी, तुम्ही तरी सांगा ना यांना. काही झालेलं नाही तुम्हाला म्हणून. डॉक्टरांचं ऐकत नाहीत, माझं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील.”

तेवढ्यात तो चिकटपट्टी घेऊन बाहेर आला. वहिनी माझ्याकडे बघत थांबल्या. तोही थांबला. “काय चाललंय?” त्याने विचारलं.

“काही नाही रे,” मी म्हणालो. “वहिनी उगाच काळजी करताहेत. वय झालं की होतंच थोडं असं.”

त्याने मान हलवली, जणू त्याला जे वाटत होतं त्यावर मी सही केली. डाव्या हाताने पट्टीचं टोक शोधून त्याने ते माझ्याकडे दिलं. मी खोक्याची एक बाजू दाबून धरली, त्याने पट्टी ओढली, आणि अशी आम्ही सगळी खोकी बंद केली. खाली टॅक्सीपाशी तो मला सोडायला आला. पुण्याला ये, म्हणाला. मी येतो म्हणालो. दोनदा पुण्याला जाऊन आलो आणि दोन्ही वेळा त्याला कळवलं नाही.

त्या दिवशी हॉलमध्ये, वहिनींच्या देखत, मला एवढंच म्हणायचं होतं: अरे, चित्र मी फिरवलं. सवयीने फिरवलं, पण सभेच्या आधी मला कळलं होतं आणि मी तुझ्यावर रागावून गप्प बसलो. जिन्याखाली तू विचारलंस तेव्हा मी तुझ्या तोंडावर खोटं बोललो. तू काही विसरलेला नाहीस, विसरण्यासारखं तुझ्या हातून काही झालंच नव्हतं. तुझं डोकं ठणठणीत आहे. मला माफ कर.